रो-रो आली, रांग मात्र तिथेच: चोडण–रायबंदर फेरी, काही महिन्यांनंतर

जुलै 2025 मध्ये चोडण–रायबंदर मार्गावर रो-रो फेरीबोट (रोल-ऑन रोल-ऑफ, म्हणजे गाड्या थेट चालवत चढवायच्या-उतरवायच्या अशी मोठी बोट) सुरू झाली, गोव्यातली पहिलीच. चोडण हे मांडवी नदीतलं बेट, रायबंदर पलीकडे पणजीच्या बाजूला. मी चोडणची, नोकरी पणजीत, त्यामुळे तेव्हापासून बहुतेक दिवस तिच्यातूनच ये-जा. पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी काढलेले व्हिडिओ तुम्ही पाहिले असतीलच. आता पावसाळा, चवथ (गणेश चतुर्थी), दिवाळी आणि 3 डिसेंबरचं जुन्या गोव्याचं फेस्त असं सगळं होऊन गेलंय, तेव्हा लिहायला हरकत नाही.

बोट चांगली आहे. हे आधी सांगते, कारण नव्याला नावं ठेवायची आपल्याकडे घाई फार. ऐसपैस आहे, पाण्यात डगमगत नाही. जुन्या फेरीत दुचाकी एकमेकींना इतक्या चिकटून लावाव्या लागायच्या की हँडल सोडवताना शेजाऱ्याचा आरसा फिरायचा. तो प्रकार कमी झालाय. वेगही आहे.

पण चोडणकराचा वेळ नदीत कधी जातच नव्हता, तो जातो धक्क्यावर. सकाळी साडेआठला रांगेत उभं राहणाऱ्याला विचारा, नदी किती मिनिटांत पार झाली हे तो सांगणार नाही, कितवी बोट मिळाली ते सांगेल. रो-रोनं गाड्या एका खेपेत जास्त उचलायला सुरुवात केली हे खरं, पण त्या चढतात आणि उतरतात एकाच रॅम्पवरून, एकामागून एक. आधीच्या सगळ्या उतरल्याशिवाय पुढची चढत नाही. मधे एखादा पर्यटक रॅम्पच्या तोंडाशी गाडी थांबवून "भाऊ, इकडूनच ना?" विचारत बसला की मागचे सगळे हॉर्न वाजवतात. शिवाय जुनी फेरी चुकली तर हळहळ नसायची, पाठोपाठ दुसरी यायची. मोठी बोट डोळ्यांसमोर सुटली की मात्र ती पलीकडे जाऊन, रिकामी होऊन, भरून परत येईपर्यंत बसा. जुन्या फेरीबोटी आहेत म्हणून बरं. माझं ठाम मत, गर्दीच्या वेळी एका मोठ्या बोटीपेक्षा लहान बोटींच्या दोन खेपा माणसाला जास्त उपयोगी पडतात. पायी जाणाऱ्यांना तर हमखास.

रायबंदरच्या बाजूला वेगळीच तऱ्हा. नदीकाठचा तो रस्ता अरुंद, एका बाजूला जुनी घरं, दुसऱ्या बाजूला पाणी. बोटीतून उतरलेल्या गाड्या आणि बोटीसाठी थांबलेल्या गाड्या तिथे समोरासमोर येतात. बोट मोठी झाली, रस्ता तेवढाच राहिला.

आता सुकतीचं, म्हणजे ओहोटीचं सांगते, कारण बाहेरून येणाऱ्याला हे कुणी सांगत नाही. मांडवीला दिवसातून दोनदा भरती, दोनदा सुकती, आणि वेळ रोज पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते. आमच्याकडची जुनी माणसं हिशेब तोंडी करतात: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पंचमीला पावणेचार. अमावास्या किंवा पौर्णिमेला पंधराची पाऊणपट, म्हणजे सव्वाअकरा. त्यानंतर सहा तासांनी सुकती. म्हणजे संध्याकाळी पाच-सव्वापाच, नेमकी ऑफिसं सुटायची वेळ. त्यात अमावास्या-पौर्णिमेची सुकती मोठी, पाणी पार खाली जातं. धक्क्याचा एरवी पाण्याखाली असणारा उतार उघडा पडतो, त्यावर चिखल आणि शेवाळ. रॅम्प टेकतो तो तिरका. बसक्या गाडीचा पुढचा बंपर खरवडतो, आणि दुचाकीवाल्यानं पुढचा ब्रेक दाबला की चाक सरळ बाजूला जातं. तिथे मागचा ब्रेक हळू, पाय खाली, आणि मागे बसलेल्याला आधीच उतरवायचं. खलाशी ओरडतात ते उगाच नाही. अष्टमीच्या आसपास मात्र संध्याकाळी सहाला पाणी वर असतं, गाडी अलगद चढते. कालनिर्णय बघून ऑफिसातून निघणारे लोक मी फक्त चोडणातच पाहिलेत.

रो-रोनं यात काही बदल केला का? फारसा नाही. बोट बदलली तरी उतार धक्क्याचाच. तो घासून साफ ठेवणं हे नव्या बोटीपेक्षा कितीतरी स्वस्त काम आहे, आणि तेच सुटतं. त्याचं उद्घाटन करता येत नाही म्हणून असेल.

पैशांबद्दल थोडं. फेरीत माणसाला तिकीट नाही, हे बाहेरच्यांना नवल वाटतं. 2023 मध्ये दुचाकीला दहा रुपये लावायचं ठरलं तेव्हा चोडणात आणि शेजारच्या दिवाडी बेटावर केवढा आरडाओरडा झाला आणि ते कसं बाजूला ठेवावं लागलं, आठवत असेल. दहा रुपयांची मारामारी नव्हती ती. मयेच्या बाजूनं आम्हाला जमिनीचा रस्ता आहे, पण पणजीला जायचं तर डिचोलीवरून केवढा वळसा! फेरी हाच आमचा रस्ता, आणि रस्त्यावर चालायचे पैसे कोण देतं? 1986 च्या जुलैत मांडवीचा पूल कोसळला तेव्हा अख्ख्या पणजीला पणजी–बेती फेरीची किंमत कळली होती. आम्हाला ती रोजच कळते.

त्याच 2025 च्या जूनमध्ये चोडणच्या धक्क्याला लावलेली एक फेरीबोट बुडाली होती. त्यामुळे नवी बोट आली तेव्हा आईला वेगापेक्षा ती धड तरंगते याचंच समाधान. लाइफ जॅकेट दिसतील अशी ठेवलेली असावीत, ही तिची एकच मागणी, आणि ती रास्त आहे.

पक्षी बघायला येणाऱ्यांसाठी: सलीम अली अभयारण्य चोडणच्या धक्क्याला लागूनच आहे, जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटर. गाडी कशाला आणता? रायबंदरला लावा, पायी बोटीत चढा, पायी उतरा. रविवारी तर नक्कीच. कामाच्या दिवशी सकाळी आठ ते दहा चारचाकी घेऊन येऊच नका, आणि आलात तर रॅम्पच्या तोंडाशी रस्ता विचारू नका. इकडूनच.