धोटा फ्रेममध्ये पकडायचा तर: वर्गासाठी व्हीएलसीचा सात-आठ महिन्यांचा अनुभव

जूनपासून अकरावीच्या फिजिक्सला व्हीएलसी हा कॉम्प्युटरवरचा व्हिडिओ प्लेअर वापरतोय, नुसता व्हिडिओ दाखवायला नाही तर त्यातून फोटो काढायला. आमच्या वर्गातली निम्मी पोरं सोलापूरच्या पूर्व भागातली, घरी नाहीतर शेजारी यंत्रमाग, ती खटखट ऐकतच मोठी झालेली, म्हणून वेग शिकवायला पुस्तकातली गाडी सोडली आणि धोटाच घेतला, म्हणजे मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडं धावणारा तुकडा.

माग बंद असताना धोट्याच्या वाटेलगत मोजपट्टी चिकटवली, मग चालू करून मोबाईलवर शूटिंग केलं. सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे ३० चित्रं, घेणाऱ्या साध्या शूटिंगमध्ये धोटा म्हणजे पांढरा फराटा, काहीच कळेना, स्लो मोशन २४० वर घेतल्यावर टोक स्पष्ट दिसायला लागलं. व्हीएलसीत पॉज करून ई दाबत राहायचं, एकेक फ्रेम पुढं सरकते, हवी ती आली की शिफ्ट आणि एस, झाला फोटो. आधी मी प्रिंट स्क्रीन मारायचो, त्यात खालची पट्टी, घड्याळ सगळं यायचं आणि फोटो स्क्रीनच्याच साइजचा, इथं मात्र व्हिडिओच्या मूळ रिझोल्यूशनची पीएनजी मिळते.

एका फ्रेमपासून लगेच पुढच्या फ्रेमपर्यंत धोटा ५ सेंटिमीटर सरकला, त्याला २४० ने गुणलं, म्हणजे सेकंदाला १२ मीटर. एका ग्रुपचं उत्तर दीड मीटर आलं, कारण स्लो मोशनची फाइल ३० ने प्ले होते म्हणून त्यांनी ३० ने गुणलं होतं, शूटिंग २४० चं आहे हे विसरूच नका. वडील माग चालवतात अशी एक पोरगी गणित झाल्यावर म्हणाली, "सर, म्हणून धोटा उडाला की एवढा लागतो." त्या दिवशी पुढचा धडा घेतलाच नाही, तेवढंच बोलत बसलो.

आता त्रास. ई दाबून पुढं जाता येतं, तसं एक फ्रेम मागं जायचं बटण माझ्याकडच्या ३ व्हर्जनमध्ये नाही, फ्रेम हुकली की परत मागून सुरुवात. आणि छोटी क्लिप कापायला मी दुसरंच एक फुकटचं सॉफ्टवेअर घेतलं, ते नव्यानं एन्कोड न करता कापतं म्हणून झटपट होतं पण कट फक्त की-फ्रेमवरच, म्हणजे फाइलमध्ये मधूनमधून पूर्ण साठवलेल्या चित्रावरच बसतो, त्यामुळं सुरुवातीला सेकंदभर जादाचं येतं. वर्गात चालतं, मोजमापाला फोटोच घ्या.

आणखी एक, सेटिंगमध्ये व्हिडिओ स्नॅपशॉटचं फोल्डर ठरवून क्रमवार नंबर चालू करा, नाहीतर फोटोंचा क्रम शोधत बसावं लागतं.