मॅक आणि आयपी अॅड्रेस शोधायचाय: कमांड, सेटिंग्ज की राउटरचं पान?

ऑफिस नाहीतर होस्टेलचा नेटवर्कवाला म्हणतो "मॅक अॅड्रेस पाठव" (म्हणजे नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक, तो नोंदवल्यावरच तिथे नेट लागतं), की आपण आधी लॅपटॉप उलटा करून स्टिकर बघतो. तिथे सापडलाच तरी तो लॅन पोर्टचा असू शकतो, वायफायचा वेगळा असतो आणि नेमका तोच हवा असतो.

विंडोजवर सगळ्यात जुनी सवय म्हणजे सीएमडी (कमांड टाइप करायची काळी खिडकी) उघडून आयपीकॉन्फिग, एक स्पेस, स्लॅश ऑल. यात सगळंच दिसतं, आयपी (नेटवर्कवरचा मशीनचा पत्ता), मॅक, आणि बरंच काही, आणि तोच घोळ आहे कारण लॅन, वायफाय, ब्लूटूथ, वर वायफाय डायरेक्टचे व्हर्च्युअल अॅडाप्टर (विंडोजने बनवलेली नुसती नावापुरती कार्डं), प्रत्येकाखाली फिजिकल अॅड्रेस, म्हणजे मॅकच, छापलेला. मी एकदा घाईत वायफाय डायरेक्टवालाच पाठवला, डोक्यावर "मीडिया डिस्कनेक्टेड" लिहिलेलं असून, आणि मग अख्खी संध्याकाळ नेट का लागत नाही म्हणून पासवर्ड बदलत बसलो. फरक केवढा, तर खऱ्याची सुरुवात ३सी आणि याची ३ई, बाकीचे दहा आकडे सेम टू सेम! तेव्हा कळलं की दुसरा आकडा २, ६, ए किंवा ई असेल तर तो कंपनीने दिलेला नाही, सॉफ्टवेअरने बनवलेला मॅक आहे. तरीही नेट बंद पडलं की मी हीच कमांड मारतो, कारण आयपी १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरकडून पत्ता मिळालाच नाही हे लगेच समजतं.

गेटमॅक स्लॅश व्ही ही कमांड त्यामानाने आटोपशीर, कनेक्शनचं नाव आणि शेजारी मॅक. आयपी मात्र देत नाही.

नुसतं कुणाला पाठवायचंय तर सरळ सेटिंग्ज. विंडोज ११ मध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, मग वायफाय, मग जोडलेल्या नेटवर्कच्या प्रॉपर्टीज, खाली आयपी आणि मॅक दोन्ही, वर कॉपीचं बटण, म्हणजे आठाचा बी वाचायची भानगड नाही. आई-बाबांना फोनवर सांगायलाही हेच बरं, स्लॅश कुठला आणि बॅकस्लॅश कुठला हे समजावण्यात माझी दहा मिनिटं गेलीयत. फक्त तिथलं रँडम हार्डवेअर अॅड्रेस (खऱ्याऐवजी बनवलेला मॅक वापरायची सोय) चालू असेल तर आधी बंद करा, नाहीतर आज नोंदवलेला मॅक पुढे वेगळा निघू शकतो.

प्रिंटर किंवा सीसीटीव्हीचा पत्ता हवा असेल तर राउटरच्या पानावरची (ब्राउझरमध्ये उघडणारी त्याची सेटिंग्ज) जोडलेल्या डिव्हाइसची यादी बघा, तिथे नाव, आयपी, मॅक ओळीने असतात. एआरपी मायनस ए ही कमांड पण चालते, पण तिच्यात आपल्या मशीनचं ज्यांच्याशी नुकतंच बोलणं झालंय तेवढेच दिसतात आणि स्वतःचा मॅक नसतोच.

आणि बाहेरच्या कुणी सर्व्हरला परवानगी द्यायला आयपी मागितला असेल तर यातल्या कमांडचा १९२.१६८ वाला पाठवू नका, तो घरातल्या घरात चालणारा. राउटरच्या वॅन (बाहेरच्या इंटरनेटची बाजू) स्टेटसमध्ये बघा, पण तिथेही १००.६४ ते १००.१२७ मधला दिसला तर तो तुमच्या एकट्याचा नाही, पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरून दिसणारा स्वतःचा पत्ता, इंटरनेट प्रोव्हायडरकडे मागावा लागेल.