शेजारच्या गावातल्या पोरीचं गांडूळखत : २२ पोती वापरून सांगतो

सांगोला तालुक्यात माझी दीड एकर डाळिंबाची बाग आहे. भगवा वाण, १५ बाय १० फुटांवर लागण, ४३० झाडं. गेल्या सप्टेंबरात हस्त बहार (पाऊस सरताना फुलं आणून घेतलेलं पीक) धरताना छाटणीनंतर झाडाला दोन किलोप्रमाणे गांडूळखत टाकायचं ठरवलं आणि शेजारच्या गावातल्या एका मुलीकडून ४० किलोची २२ पोती आणली. पोतं ४२० रुपयांना. बी.एस्सी. कृषी झालेली, २६ वर्षांची पोरगी आहे. घरामागच्या पत्र्याच्या शेडात गांडूळ सोडून खत करायचे १२ बाय ४ फुटांचे आठ बेड लावलेत आणि सगळा कारभार ती आणि तिची आई बघतात.

आधी मी शेणखत ट्रॉलीनं विकत घ्यायचो. दोन वर्षांपूर्वी आलेली ट्रॉली अर्धवट कुजलेली होती, हात घातला तर आत गरम लागायची. घाई होती म्हणून तशीच बागेत टाकली. त्या खताबरोबर मुळं खाणारी हुमणी अळी आली, वर काँग्रेस गवत आणि लव्हाळा ही तणं. खत स्वस्त पडलं म्हणावं तर खुरपणीतच पैसे गेले. तेव्हापासून खत घेताना मी आधी मूठ भरून बघतो.

या पोरीच्या खताची मूठ भरली. चहाच्या पत्तीसारखं मोकळं, काळपट तपकिरी, आणि वास पहिल्या पावसात रानाला येतो तसा. ओलावा हाताला लागतो पण दाबलं तर पाणी निघत नाही. शेण बेडात भरण्याआधी ती ते पंधरा-वीस दिवस पाणी मारून थंड करते, त्याशिवाय गांडूळ सोडत नाही. चाळणी ४ मिलिमीटरची. मी सहा महिने बघतोय, या खतातून बागेत एकही लव्हाळ्याची गाठ उगवलेली नाही.

आता तक्रार. पहिल्या खेपेतली तीन पोती जड लागली. उघडली तर खत चिकट, गोळे होणारं. गांडूळखतात ओलावा १५ ते २५ टक्के असावा असा सरकारी निकष आहे, आणि यात तो नक्कीच जास्त होता. म्हणजे मी खताच्या भावानं पाणी विकत घेतलं होतं. फोन केला तर म्हणाली, "काका, पावसात शेड एका कोपऱ्यात गळलं, तिथली पोती असतील. परत आणा, नाहीतर मीच येते." दुसऱ्या दिवशी भावाच्या मोटारसायकलवर दोन फेऱ्या मारून तीन पोती बदलून दिली. आता चाळल्यावर दोन दिवस सावलीत पसरूनच भरते. पण पोत्यावर भरल्याची तारीख अजून लिहीत नाही. ती लिहायला हवी, हे मी तिला तोंडावर सांगितलंय.

मला सगळ्यात जास्त पटलं ते तिचं बोलणं. आमच्याकडं डाळिंबवाल्याला काहीही विकता येतं, कारण तेल्या (फळा-पानांवर तेलकट डाग) आणि मर (उभं झाड वाळणं) या दोन रोगांनी माणूस टेकीला आलेला असतो. माझ्याही ११ झाडांना मर लागली होती. मी विचारलं, तुझ्या खतानं मर थांबेल का? सरळ नाही म्हणाली. "काका, खत हे औषध नाही. मुळं आणि माती घेऊन सोलापूरला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रात दाखवा, बुरशी आहे का सूत्रकृमी, म्हणजे मुळांतले बारीक जंत, ते आधी कळू दे." मग ट्रायकोडर्मा ही रोगाच्या बुरशीला मारणारी मित्रबुरशी गांडूळखतात कशी मिसळायची, आठवडाभर ओलसर करून सावलीत कसं झाकायचं आणि त्या काळात तांबेयुक्त बुरशीनाशक मुळाशी का ओतायचं नाही, हेही समजावलं. गिऱ्हाईक समोर असताना नाही म्हणायला हिंमत लागते. तीही धंद्याच्या दुसऱ्या वर्षात.

बागेत फरक काय? ड्रिपरखाली माती उकरली की पांढरी मुळी दिसते, गेल्या बहारापेक्षा दाट. पाणी दिल्यावर ओल एखादा दिवस जास्त टिकते. माझ्या मुरमाड रानाचा सेंद्रिय कर्ब (मातीतला कुजलेल्या पाल्यापाचोळ्याचा कस) तपासणीत ०.३८ टक्के आलाय. तो एका हंगामात वर येत नसतो, सलग तीन-चार वर्षं टाकत राहावं लागतं.

तिच्या धंद्याची एक बाजू गिऱ्हाइकांनी समजून घ्यावी असं मला फार वाटतं. कृषी पदवीधरांसाठी केंद्र सरकारची अॅग्री क्लिनिक अँड अॅग्री बिझनेस सेंटर ही योजना २००२ पासून आहे. हैदराबादची मॅनेज संस्था प्रशिक्षणाचं काम बघते, ४५ दिवसांचा निवासी वर्ग असतो आणि फी नसते. नाबार्ड या शेती-ग्रामविकासाच्या बँकेमार्फत प्रकल्प खर्चाच्या ३६ टक्के अनुदान मिळतं. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींना ४४ टक्के. या पोरीनं तो वर्ग केला. हिशोब, प्रकल्प अहवाल, खताचे निकष तिथंच शिकली, आणि ते तिच्या वहीत दिसतं. पण हे अनुदान हातात पडत नाही. आधी कर्ज, आणि अनुदान शेवटी त्या कर्जात वळतं होतं. कर्जासाठी तिनं एका बँकेत सात महिने खेटे घातले. तोवर शेण विकत घ्यायचं, बेडावर पाणी मारायचं, मजुरी द्यायची, ती सगळी गिऱ्हाइकाच्या पैशावर.

आणि आपण काय करतो? "डाळिंब गेल्यावर देतो" म्हणतो. तिच्या वहीत ६२ हजारांची उधारी मी स्वतः पाहिली. त्यातली दोन नावं गावातल्या मोठ्या बागायतदारांची, ज्यांनी १५ ऑगस्टला तिला नारळ-शाल देऊन सत्कार केला होता. मला ते वाचून वाईट वाटलं. मीही तेव्हा निम्मेच पैसे दिले होते. बाकीचे त्याच संध्याकाळी नेऊन दिले.

घ्यायचं असेल तर दोन महिने आधी सांगा. बेड तयार व्हायला ४५ ते ६० दिवस लागतात आणि बहाराच्या तोंडावर तिच्याकडं माल शिल्लक नसतो. गाडी आपली न्यावी, पोती तिथंच उघडून मूठ भरून बघावी, ती नाही म्हणत नाही. पावती मागितली की देते. पुढच्या बहारासाठी २५ पोती सांगून निम्मे पैसे आगाऊ देऊन आलोय. त्या पैशातून शेडाचा गळका पत्रा आधी बदलणार म्हणाली.