प्रकल्पाला येवला घ्यावा की नाशिक मध्य?

राज्यशास्त्राच्या प्रकल्पाला मतदारसंघ निवडायचा म्हटलं की नाशिक जिल्ह्यातल्या पंधरांपैकी मुलं शेवटी या दोघांवरच येऊन अडतात. माझा कौल येवल्याला आहे, पण नाशिक मध्यही कमी लेखण्यासारखा नाही.

येवल्यात २००४ पासून छगन भुजबळ सलग पाच वेळा निवडून आले. माणूस मूळचा मुंबईच्या माझगावचा आमदार, आणि त्यांच्याआधी येवल्यात शिवसेनेचा जोर. २०१४ च्या मे महिन्यात नाशिक लोकसभेला हेमंत गोडसेंनी त्यांना हरवलं, पण ऑक्टोबरात येवल्याने पुन्हा निवडून दिलं. २०१९ ला मताधिक्य छप्पन्न हजारांवर होतं, २०२४ ला ते सव्वीस हजारांवर आलं. मराठा-ओबीसी आरक्षणाचा वाद पेटल्यानंतरची ही निवडणूक, त्यामुळे ही घट गावनिहाय तपासण्यासारखी आहे. समोर होते माणिकराव शिंदे. हेच शिंदे २००९ ला शिवसेनेच्या धनुष्यबाणावर लढले होते, या वेळी शरद पवारांच्या राष्ट्रवादीच्या तुतारीवर.

एक मात्र सांभाळा. लासलगावच्या मार्केटात कांद्याची ट्रॉली घेऊन लिलावाला उभा असलेला तिथलाच शेतकरी सातबाऱ्यासाठी निफाड तहसीलला जातो आणि मत देतो येवला मतदारसंघात. लासलगाव, विंचूरची गावं २००९ च्या निवडणुकीआधी मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखल्या त्या पुनर्रचनेत इकडे जोडली गेली. म्हणून २००४ ची मतं २००९ च्या मतांशेजारी मांडून मताधिक्य वाढलं-घटलं असं लिहू नका. नाव तेच असलं तरी मतदारसंघ तो उरलेला नाही. बहुतेक प्रकल्प इथेच चुकतात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण बाकीची मेहनत खरी असते.

नाशिक मध्यचा प्रश्नच वेगळा. हा मतदारसंघ २००९ चा. त्याआधीच्या ‘नाशिक’मधून २००४ ला काँग्रेसच्या डॉ. शोभा बच्छाव निवडून आल्या होत्या. २००९ ला शहरातल्या पूर्व, मध्य, पश्चिम या तिन्ही जागा मनसेने घेतल्या, २०१२ ला महापालिकेत १२२ पैकी ४० नगरसेवक आणले, आणि २०१४ ला त्याच तिन्ही जागा भाजपकडे गेल्या. मध्यमधून तेव्हापासून देवयानी फरांदे. २००९ चे विजेते वसंत गिते २०२४ ला ठाकरेंच्या शिवसेनेची मशाल घेऊन उतरले आणि हरले. लाट कशी येते आणि ओसरते हे बघायचं असेल तर याहून चांगलं उदाहरण जिल्ह्यात नाही. फिरायलाही सोपा, सगळं शहरातच.

घराण्यांचं राजकारण हवं असेल तर दोन्ही सोडा आणि देवळाली घ्या. तिथे आधी बबनराव घोलप, २०१४ ला त्यांचे चिरंजीव, २०१९ पासून सरोज अहिरे.

हातात दोनच महिने असतील तर नाशिक मध्य. सहा महिने आणि एसटीने हिंडायची तयारी असेल तर येवला. २००९ पासूनचं केंद्रनिहाय निकालपत्रक, म्हणजे नमुना २०, मिळवा आणि पहिल्यांदा लासलगावची मतदान केंद्रं वेगळी काढा.