पेंढा गाईला की माडाला?

ऑक्टोबरात गोव्यात पेडणे-सत्तरीकडे भातकापणी आटोपली की पेंढ्याला दोन वाटा असतात, गोठा आणि माती. दावणीला गाय असेल तर माझं मत सरळ आहे, पेंढा आधी तिला. नुसत्या पेंढ्यावर दूध वाढत नाही, प्रथिनं त्यात फारच कमी. पण पोट भरतं आणि उरलेलं शेणातून शेताला परत मिळतं. गाईच्या पायाखाली सांडलेला, मुतात भिजलेला पेंढा तर उचलून थेट खताच्या खड्ड्यात टाकावा. खरं नत्र, म्हणजे नायट्रोजन, त्या मुतात असतं, आणि तेच आपण गटारात सोडतो! शेण उघड्यावर ठेवलं तर गोव्याचा पाऊस, वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर, सगळा कस धुऊन नेतो. खड्ड्यावर झावळ्यांचं छप्पर हवंच.

गाय नसेल तर पेंढा माडाच्या आळ्यात अंथरावा. उन्हाळ्यात ओल टिकते, शिवाय पेंढ्यात पालाश, म्हणजे पोटॅश, भरपूर आणि माडाची पालाशाची भूक मोठी. भाताच्या मळ्यात कच्चाच गाडून लगेच मिरची लावली तर मात्र रोपं पिवळी पडतात, कारण पेंढा कुजवणारे जिवाणू मातीतलं नत्र आधी स्वतः ओढून घेतात. जाळणं मी पर्यायांत धरतच नाही; त्यातलं नत्र धुरात जातं.