साडेपाच हजारांची विंग आणि खंबाटकीचं वळण

पुतण्याने, विराजने, त्याच्या जुन्या सेडानच्या डिकीवर ॲल्युमिनियमची विंग, म्हणजे रेसच्या गाड्यांसारखी आडवी पट्टी, बसवून घेतली. ऑनलाइन मागवलेली, बनवणाऱ्याचं नाव कुठेच नाही, किंमत साडेपाच हजार, फिटिंगची मजुरी वेगळी. गाडी सध्या माझ्याकडेच असते, म्हणून मीच लिहितो. मी सातारा एमआयडीसीत टर्नर आहे. माल हातात आला की आधी वजन-माप बघणार.

माल चांगला आहे. पट्टी सरळ, ॲनोडायझिंग (ॲल्युमिनियमवरचा संरक्षक थर) एकसारखं, कोन बदलायला दोन्ही टोकांना भोकं. लांबी सव्वा मीटरला थोडी कमी, रुंदी २० सेंटिमीटर, ब्रॅकेटसकट वजन चार किलोच्या आसपास. पोवई नाक्यावर गाडी हळू झाली की कॉलेजची पोरं मान वळवून बघतात. पैसे तिथेच वसूल.

पण विराज म्हणतो, "काका, खंबाटकीत बघा गाडी कशी चिकटून जाते." इथे आमचं जमत नाही. विंग म्हणजे उलटा बसवलेला विमानाचा पंख, आणि तिचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. या मापाच्या विंगला १२० च्या वेगाला साधारण १६ किलोचा दाब मिळावा. ६० ला त्याचा निम्मा नव्हे, चौथा हिस्सा, म्हणजे चार किलो. तेवढं तर तिचं स्वतःचंच वजन आहे! राजवाड्याकडे ३० ने जाताना एक किलो; डिकीतली भाजीची पिशवी त्याहून जड भरते. वर गाडी पुढच्या चाकांवर चालणारी. ओढणारी चाकं पुढे आणि दाब मागे.

आणि हा हिशोब सरळ हवा मिळाली तरचा. मागच्या काचेवर आणि छतावर लोकरीचे धागे चिकटवले, हायवेला ८० धरला, विराजने मागच्या सीटवरून शूट केलं. छताच्या कडेचे धागे ताठ मागे. काचेच्या खालच्या भागातले मात्र गरगर फिरत होते, दोन-तीन तर चक्क पुढे वळले. विंग नेमकी त्याच घोळात, डिकीपासून वीतभर वर. रेसच्या गाड्यांची विंग उंच खांबांवर का असते, ते त्या धाग्यांनी दाखवलं.

म्हणून विंग-स्पॉयलर थोतांड आहेत असं नाही. १९९८ साली आलेली पहिली ऑडी टीटी जर्मनीच्या ऑटोबान हायवेवर भरधाव असताना मागून सुटायची, अपघात झाले, तेव्हा कंपनीने गाड्या परत बोलावून डिकीच्या कडेला छोटा स्पॉयलर लावला आणि सस्पेन्शनही बदललं. स्पॉयलरचं काम वेगळं: तो काठावर हवा अडवून गाडीची मागची बाजू उचलली जाणं कमी करतो. १९८९ च्या पोर्श ९११ मध्ये तो ८० च्या वेगाला आपोआप वर यायचा, गाडी थांबत आली की परत आत. म्हणजे खऱ्या स्पोर्ट्‌स कारवालेही शहरात तो मिटून ठेवतात. आपण मात्र भोकं पाडून कायमचा उभा.

रोजच्या वापरात त्रास तीन. आतल्या आरशात पट्टी बरोबर मधोमध येते. रात्री घाटात मागच्या ट्रकचे दिवे तिच्याआड जातात आणि एकदम डोळ्यावर येतात. दुसरं, डिकीचं झाकण आता वर टिकत नाही. सामान काढताना एका हाताने धरावंच लागतं. वहिनींच्या मनगटावर आदळलं, तेव्हापासून त्या डिकीला हात लावत नाहीत. तिसरा त्रास आपल्याकडच्या पावसाचा. फिटिंगवाल्याने ड्रिल मारल्यावर पत्र्याच्या कडेला ना प्राइमर लावला ना सीलंट. जुलैत स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी, जॅक गंजला.

नुसत्या हौसेसाठी हवी असेल तर डिकीच्या कडेला डबल टेपने चिकटणारी बारीक पट्टी (लिप) घ्या, पत्रा शाबूत राहील. हीच घ्यायची असेल तर भोकांना प्राइमर लावून घ्या, बोल्टखाली सीलंट भरा, आतून रुंद पट्टी द्या आणि डिकीचे शॉकर जास्त ताकदीचे बसवा. तो खर्च साडेपाच हजारांत धरलेला नाही.