जिमच्या 'डिफेन्स पॅकेज'चे बारा आठवडे: पाचापैकी तीन

मी नाशिकला, सातपूरच्या कंपनीत फर्स्ट शिफ्ट करतो. साडेतीनला सुटतो आणि साडेचारला कॉलेजच्या ग्राउंडवर असतो, शिट्टी गळ्यात. चौदा वर्षं कबड्डीची टीम बघतोय. स्वतः उजव्या मध्याला, म्हणजे बचावात उजव्या कव्हरला खेळायचो, त्यामुळे चढाईपेक्षा पकडीचं वेड जास्त, हे आधीच सांगून टाकतो. जिमचं नाव देत नाही. गंगापूर रोडच्या बाजूला आहे आणि पार्किंगचा त्रास आहे. एवढ्यावरून कुणाला ओळखू येणार नाही, तिकडे सगळीकडेच तो त्रास आहे.

मागच्या मोसमात दोन सामने आम्ही निव्वळ अंगात दम नाही म्हणून घालवले. चढाई करणाऱ्याला धरलेला, तीन पोरं अंगावर, आणि तो सगळ्यांना ओढत नेऊन मध्यरेषेला बोट लावून मोकळा. दोनदा तर एकाच चढाईत तीन-तीन गुण गेले. म्हणून ठरवलं, पोरांना वजन उचलायला लावायचं. माणशी 3,000 रुपये, बारा पोरं, बारा आठवडे. अर्धे पैसे वर्गणीतून, अर्धे आमच्याच एका जुन्या खेळाडूने दिले. त्याची निफाडला द्राक्षबाग आहे.

जिम चांगली आहे. तीन रॅक, रबराची जमीन, बाथरूम स्वच्छ, प्यायचं पाणी गार. आमच्या पोरांना तोवर जोर-बैठकाच माहीत. ट्रेनरने पहिले दोन आठवडे मोकळ्या रॉडवरच स्क्वॉट करून घेतला, गुडघा आत येतोय का बघत. बारा आठवड्यांत एकाचीही पाठ धरली नाही. त्याचं पूर्ण श्रेय त्याला. संध्याकाळी सहानंतर मात्र बेंचसाठी रांग लागते. आणि काउंटरवरचा माणूस प्रत्येक पोराला गेनरचा, म्हणजे वजन वाढवायच्या पावडरीचा, डबा घ्यायला सांगतो. पाच जणांनी घेतला, घरी न सांगता. शेंगदाणे, अंडी, भाकरी खा म्हणून मी घसा कोरडा केला होता.

खरी गडबड प्लॅनच्या कागदात होती. वर ठळक छापलेलं, 'डिफेन्सिव्ह लाइनमन'. मी म्हटलं डिफेन्स आहे ना, मग आपलंच. भाचा अ‍ॅटलांटाला नोकरीला आहे, त्याला सहज फोटो पाठवला. तो हसायलाच लागला. "मामा, हा अमेरिकन फुटबॉलचा आहे. समोरच्याला जागेवरून हलवू द्यायचं नाही, एवढंच काम असलेल्या माणसांचा."

मग त्याने जॉर्जिया विद्यापीठाच्या टीमचं सांगितलं. 2021 च्या मोसमात तिथल्या पोरांनी राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, फायनलला अलाबामाला 33-18 हरवलं, आणि त्या बचावातली पाच जणं पुढच्या ड्राफ्टच्या, म्हणजे व्यावसायिक संघ नवे खेळाडू निवडतात त्याच्या, पहिल्याच फेरीत गेली. त्यातला जॉर्डन डेव्हिस साडेसहा फूट उंच, 341 पाउंड, म्हणजे आपल्या हिशेबात 155 किलोच्या आसपास. आणि हा गडी चाळीस यार्ड, म्हणजे साडेछत्तीस मीटर, 4.78 सेकंदांत पळाला. मी दोनदा विचारून घेतलं. आमचा सगळ्यात चपळ पोरगा 60 किलोचा आहे. म्हणजे तिकडेही नुसतं धूड उभं करून भागत नाही, आणि असा माणूस मिळाला तरी त्याला सतत मैदानात ठेवत नाहीत. समोरचे चेंडू फेकणार असं दिसलं की बाहेर बसवतात, हलका माणूस आत घेतात. दर डावाला माणसं बदलायची त्यांना मोकळीक आहे. आमची सात माणसं मॅटवर, पाच बाहेर, आणि बचावातल्याच पोराला पुढच्या मिनिटाला चढाईला जावं लागतं.

भाच्याने आणखी एक सांगितलं ते मला फार पटलं. ऐंशीच्या दशकात मायामी विद्यापीठाला जिमी जॉन्सन नावाचे कोच होते. ते मागे पळणाऱ्या पोरांना मधल्या फळीत आणायचे, मधल्यांना पुढच्या फळीत. म्हणजे प्रत्येक जागी नेहमीपेक्षा हलका, पण नेहमीपेक्षा वेगवान माणूस. 1987 च्या मोसमाचं विजेतेपद त्यांनी असंच मिळवलं.

आता आमचं काय झालं ते सांगतो. डाव्या कोपऱ्यात उभा राहणारा पोरगा सुरगाण्याचा आहे. आला तेव्हा 64 किलो, दहाव्या आठवड्यात 71. आरशापुढून हलायचा नाही. सरावात समोरचा बोनस मारायला, म्हणजे बोनस रेषेपलीकडे पाय टाकून जादा गुण घ्यायला गेला. बोनसला पुढचा पाय रेषेपलीकडे टेकतो तेव्हा मागचा उचललेला असतो, तेवढाच क्षण कोपऱ्याचा. हा पोरगा पूर्वी त्या क्षणाला जमिनीला चिकटून घोट्यावर असायचा. त्या दिवशी गेला, व्यवस्थित वाकला, हात बरोबर टाकला, आणि मुठीत आली बुटाची टाच. बूट निसटला, माणूस गेला. पाच वेळा करून घेतलं, पाचपैकी चार वेळा टाच. पोरगा हाताकडे बघत बसला. चूक हातात नव्हती, पाय अर्धं पाऊल उशिरा निघत होते.

उलट उजव्या मध्याचा पोरगा, सिडकोचा, 82 चा 86 झाला आणि खेळ सुधारला. त्याचं काम धडक मारून चढाईवाल्याला लॉबीपार, म्हणजे मैदानाच्या कडेच्या पट्ट्याबाहेर ढकलायचं. तिथे चार किलो कामाला आले. पूर्वी धडक खाऊन चढाईवाला सावरायचा, आता थेट बाहेर जातो. पण सिनियर गटाला 85 किलोची मर्यादा आहे, हे ट्रेनरला माहीतच नव्हतं आणि मी सांगायला विसरलो. निम्मी चूक माझी. खुल्या स्पर्धेच्या सकाळी काटा 86.2 दाखवत होता. पोरगा दोन टी-शर्टवर जर्किन घालून मैदानाला फेऱ्या मारतोय, पाण्याचा घोट नाही, मी हातात घड्याळ घेऊन उभा. वजनात बसला. दुसऱ्या हाफला पोटऱ्यांत गोळे आले आणि आमच्यावर लोण चढला, म्हणजे अख्खी टीम बाद.

दुसऱ्या दिवशी ट्रेनरला ग्राउंडवर बोलावलं. वाद घालायला आला होता, पण कव्हरला दहा मिनिटं उभा राहिला, दोन चढाया अंगावर घेतल्या आणि गप्प झाला. शेवटचे दोन आठवडे त्याने कागद बदलला. कोपऱ्यांना वजन कमी, एका पायाच्या उड्या जास्त. मध्यांना पूर्वीचंच, फक्त गेनर बंद. रविवारी पहाटे मी सगळ्यांना पांडवलेणीच्या पायऱ्यांवर नेलं. सुरगाण्याच्या पोराला डोंगर नवा नाही, तो वर पोचून बाकीच्यांची वाट बघत बसायचा. आता 69 वर आहे आणि पाचपैकी तीन वेळा घोटा हातात येतो.

स्टार तीन दिलेत. दोन कापले ते एकच कागद बारा जणांना दिला म्हणून. चढाईवाल्यांनाही तोच होता, त्यांचं तर बोलायलाच नको. तुम्ही टीम घेऊन जाणार असाल तर पहिल्याच दिवशी कोण कुठे उभा राहतो ते लिहून न्या आणि वजनाची मर्यादा वर मोठ्या अक्षरात टाका. डब्याचं बोलणं काउंटरवर स्वतः उभं राहून करा.

परवा जिमचा मेसेज आला, पुढच्या बॅचला दहा टक्के सूट. मी कळवलं, फक्त मध्याची चार पोरं पाठवतो आणि आठवड्यातून एकदा ट्रेनरने ग्राउंडवर यायचं. तो पेट्रोलचे पैसे मागतोय. मिसळीवर तयार होतोय का बघतो.